आईचा सामना, डागांसकट

६ जानेवारी

ताई,

सुरुवात काय करायची याचा विचार करत बसले तर हे पत्र व्हायचंच नाही, म्हणून थेट कामाचं बोलते. तुमच्या क्लबच्या ड्रायव्हरने काल कॅसेट आणून दिली. एकात एक तीन पिशव्या, वर चिकटपट्टी, आणि आत तुझी चिठ्ठी. आईच्या टेबल टेनिसच्या फायनलची कॅसेट आहे, नव्या हॉलला आईचं नाव देतोय, उद्घाटनाला मोठ्या पडद्यावर दाखवायची आहे, तिच्या चांगल्या फटक्यांचा दीड मिनिटाचा भाग निवडून स्वच्छ करून दे. खाली 'कळावे'. सहा वर्षांनी सख्ख्या बहिणीला लिहायचं आणि शेवटी 'कळावे' म्हणायचं, हे तुलाच जमतं.

कळलं. काम घेतलं. आईचं आहे म्हणून घेतलं, क्लबचं आहे म्हणून नाही.

आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे मनात राहायला नको. आईच्या शोकसभेत मी भिंतीवरचा फोटो उतरवला, त्याचा मला तेव्हा पश्चात्ताप झाला नाही आणि आजही होत नाही. फोटोग्राफरने तुझ्या सांगण्यावरून आईचं कोड रंगवून टाकलं होतं. कपाळापासून गळ्यापर्यंत एकसारखी गव्हाळ बाई. लोक येऊन हात जोडत होते, आणि मी विचार करत होते, हे कुणाला हात जोडतायत? तू म्हणालीस, चारचौघांत तमाशा केलास. केला. त्यावर तू बोलणं टाकलंस, मग मीही टाकलं. तुझ्याइतकाच हट्टीपणा माझ्यातही आहे, एकाच घरातून आलाय.

आता कामाचं. दुकान पहिल्या मजल्यावर आहे, खाली चष्मेवाला. बाहेरच्या खोलीत जुने प्लेअर आणि कॅसेटी सुकवायचं कपाट, आतल्या खोलीत कॉम्प्युटर आणि भिंग. भिंग हा माणूस आहे. स्क्रीनला नाक लावून काम करतो म्हणून ते नाव पडलं, आता त्याची बायकोही त्याला तेच म्हणते. तुझ्या कॅसेटला बुरशी धरलीय. ती हाताने पुसून काढू, मग फीत एकदाच चालवून कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेऊ, आणि मग ते एआयचं सॉफ्टवेअर.

त्याबद्दल तुझी एक समजूत झालेली दिसते. तुला वाटतं तो साबण आहे, घासला की खालचं स्वच्छ वर येतं. खाली काही नसतं, ताई. त्या कॅसेटमध्ये आईचा चेहरा नखाएवढा आहे. तो पडद्यावर दारापेक्षा उंच करायचा, तर मधलं सगळं कुणीतरी मनाने भरावं लागतं. सॉफ्टवेअरने लाखो चेहरे पाहिलेत, त्यावरून ते अंदाज बांधतं आणि भरत जातं. अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो, कारण चेहरे बहुतेक सारखे असतात. आपली आई त्या बहुतेकांत कधी बसली नाही, एवढीच अडचण.

काम झालं की कळवते.

तुझी बहीण

१८ जानेवारी

ताई,

पहिला नमुना तुझ्याकडे गेला ते भिंगचं कर्तृत्व. मी दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत तोंड उघडून पडले होते, इकडे भावोजींनी फोन करकरून त्याला भंडावलं, आणि त्याने जी तयार होती ती अख्ख्या सामन्याची फाइल पाठवून दिली. अर्धा गाल बधिर घेऊन मी दुकानात आले, ते पाहिलं, आणि कपाळाला हात लावला. आई खेळतेय, समोरची बाई खेळतेय, आणि बॉल नाही. टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहून दोन बायका डास मारतायत.

झालं असं. फीत झिजली की चित्रावर पांढरे ठिपके उडतात, लहानपणी आपण त्यांना मुंग्या म्हणायचो. त्या घालवायला सॉफ्टवेअरमध्ये डाग काढायची एक पट्टी असते, थोडी सरकवायची असते. भिंगने ती पार टोकाला नेली. मुंग्या गेल्या. पण बॉलही पांढरा, बारका, आत्ता इथे तर आत्ता तिथे. मशीनच्या लेखी तोही मुंगीच. आणि त्याच झाडूने त्याने आईचं कोडही झाडून टाकलं. डोळ्यांभोवतीचं, ओठांच्या कडेचं, दोन्ही हातांचं. उरली ती पुन्हा तीच गव्हाळ बाई, शोकसभेतली. या खेपेला हलणारी.

मग भावोजींचा फोन. सासूबाई काय दिसतायत म्हणाले, फक्त तेवढा बॉल घाल की काम फत्ते. त्यांच्या खांद्यामागून तुझा आवाज आला, चेहऱ्याला हात लावू नकोस म्हणावं, आहे तस्सा ठेव. सहा वर्षांत तुझा आवाज ऐकला तो हा. 'आईचा चेहरा आहे तसा ठेव', हे तुझ्या तोंडून ऐकायला मी जन्मभर थांबले होते, आणि ऐकलं ते भलत्याच चेहऱ्याबद्दल.

बॉल परत आणला. पट्टी खाली घेतली, मुंग्या हाताने एकेक वेचल्या, बॉल ठेवला. त्याबरोबर आईचे डागही परत आले. ती फाइल सोबत पाठवतेय. ती बघ. बॉल दिसतो, बॅटचा लाल रबर दिसतो, आईच्या डाव्या हातावरचा तो मोठा डाग दिसतो, ज्याला मी होडी म्हणायचे.

मला खोटं बोलता आलं असतं. भिंगने तर सुचवलंच, मॅडम, सांगून टाका की पट्टी एकच आहे, बॉल हवा तर डाग येणारच, मशीनवर ढकला म्हणजे घरात भांडण नको. पण तसं नाही. बॉल एकीकडे ठेवून आईचा चेहरा आणि हात वेगळे कोरून साफ करता येतात. दोन दुपारींचं काम आहे. मला येतं, आणि मी करणार नाही. मशीनच्या आड लपून नाही म्हणायला मी काही चोर नाही. मी माझ्या तोंडाने नाही म्हणतेय.

तुझी बहीण

२७ जानेवारी

ताई,

परवा फोनवर तू बोललीस त्याचं उत्तर आज लिहितेय. तुला वाटलं असेल, जिरली. जिरली नव्हती.

तुझं वाक्य मला अजून ऐकू येतंय. "तुझं अंग कोरं आहे. तुला काय जातंय आईचे डाग मिरवायला?" आणि मग तू सांगितलंस. आधी मनगटावर एक ठिपका, मग कोपरापर्यंत, आता हनुवटीखाली. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्या. दोन छटांची क्रीम एकत्र करून रोज सकाळी अर्धा तास आरशासमोर. भावोजी सोडून कुणाला माहीत नाही. कार्यक्रमाला तू क्लबची सेक्रेटरी म्हणून त्याच पडद्याखाली उभी राहणार. लोक वर आईकडे बघतील आणि मग खाली तुझ्याकडे बघतील, असं म्हणालीस आणि फोन ठेवलास.

मला खूप वाईट वाटलं, ताई. एवढी वर्षं तू हे एकटीने झाकलंस आणि मी तुला शिष्ट म्हणत राहिले. तुझे डाग हे वाईट वाटायचं कारण नाही. तुला सांगायला बहीण नव्हती, हे आहे. आणि बहीण होती की. पंचवीस मिनिटांवर होती.

पण म्हणून माझं उत्तर बदललं असं समजू नकोस. माझं अंग कोरं आहे हे खरं. मला कधी काही झाकावं लागलं नाही, दुकानात कुणी माझ्या हातातून पैसे घेताना बोटं आखडली नाहीत. माझा ताठा फुकटचा आहे असं तुला वाटत असेल तर वाटू दे. फुकटचा असला तरी मी तो टाकणार नाही. तू स्वतःचं काय झाकायचं ते तू ठरव, त्यात मी एक अक्षर बोलणार नाही. आईने झाकलं नव्हतं. तिचं आपण मागाहून झाकायचं नाही.

आणि दुसरं. तू म्हणालीस, "तू तेव्हा तीन वर्षांची, शेजारच्यांकडे झोपली होतीस. मी तिथे होते. लोक आईला हसले होते." मी आजवर फक्त तू सांगितलेले फटके बघत होते, म्हणून काल सगळी कॅसेट बसून पाहिली. दुकानाचं दार लावून घेतलं, भिंगला घरी पाठवला.

तिसऱ्या गेममध्ये आई सर्व्हिसला उभी राहते. डावा तळहात सपाट, त्यावर बॉल. समोरची बाई, ती ऑफिसातल्या हिशेबखात्याची, हात वर करते आणि पंचांकडे जाते. काय बोलते ते ऐकू येत नाही, मामा कॅमेऱ्यामागे खोकत असतो. पण हातवारे स्पष्ट आहेत. ती स्वतःचा हात दाखवते, मग बॉल, मग आईकडे बोट. म्हणजे पांढरा बॉल हिच्या पांढऱ्या हातावर दिसत नाही, अशी तक्रार. पंच आईला बोलावतात, आणि स्वतःच्या मनगटापर्यंत हात फिरवून दाखवतात, पूर्ण बाह्यांचं काहीतरी घाला. तिथे लोक हसतात.

तू खरं बोललीस. हसतात. बघता बघता आवाज साफ करताना मी आधी त्याला खुर्च्यांची खरखर समजून दोनदा खाली आणलं. ते हसूच आहे, आणि ते आईलाच आहे. मी ते होतं तेवढं परत वर आणलं. तुझी आठवण खोटी ठरवायला बसले होते, तसं झालं नाही.

पण पुढचंही ऐक. आई बोलते, आणि तिचा शब्द न् शब्द कळतो. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये इतकी वर्षं खरखरणाऱ्या लाइनींवर बोलून कमावलेला आवाज तो, मामाच्या खोकल्याला काय भीक घालणार? ती तळहात पंचांच्या नाकासमोर धरते आणि म्हणते, "साहेब, बॉल इथे असतो. इथपर्यंत बाही कुठली आणू?" पुन्हा लोक हसतात. या वेळी पंचही. आणि ती टेबलाकडे परत जाते, दोन्ही अर्ध्या बाह्या आणखी वर सारते, खांद्यापर्यंत, आणि सर्व्हिस करते.

आता भिंगने केलेली ती स्वच्छ फाइल लाव आणि हीच जागा बघ. एक गव्हाळ बाई आपला साधा तळहात पंचांना दाखवते आणि काही कारण नसताना चिडून बाह्या सारते. ती कशावर भांडतेय तेच कळत नाही. तू फक्त डाग काढायला सांगत नाहीयेस, ताई. डाग काढले की आईचं भांडणच जातं.

म्हणून मी दीड मिनिट निवडलंय. तुझे फटके नाहीत. हे.

तुझी बहीण

५ फेब्रुवारी

ताई,

भावोजींनी मोबाइलवरच्या कुठल्याशा ॲपमधून स्वतः बनवलेली प्रत मला पाठवली, खाली अंगठा दाखवून. 'हे बघ, पाच मिनिटांत झालं.' बघितलं. आईला नव्या भुवया आल्यात. दात एकसारखे, टूथपेस्टच्या जाहिरातीतले. बॉल त्यांनी वरून चिकटवलाय, तो टेबलावर टप्पा न पडताच उडतो. त्या हॉलमध्ये आईकडे शिकलेली निम्मी माणसं बसणार आहेत, त्यांना एवढंही कळणार नाही? सासूबाई दहा वर्षांनी लहान दिसतात म्हणाले. दिसतात, पण दुसऱ्याच कुणाच्या तरी सासूबाई.

रागावू नकोस, भावोजी मनाने चांगले आहेत. तुझ्यासाठीच धडपडतायत, ते मला दिसतं. पण मी त्यांना स्पष्ट सांगितलं, ही प्रत लावलीत तर मी हॉलमध्ये उभी राहून सांगेन ही माझी आई नाही. मागे एकदा फोटो उतरवलाय, पडदा काही फार उंच नसेल. ते म्हणाले, तू धमकी देतेस. हो म्हटलं.

तुझा निरोपही त्यांनी पोचवला, की तो सामना शेवटी आई हरलीच, मग हरलेला सामना आणि वर तो अपमान कशाला दाखवायचा. हरली, ठाऊक आहे. शेवटच्या गेममध्ये दोन गुणांनी. म्हणून काय झालं? पुढची तीस वर्षं तिने त्याच क्लबात पोरींना शिकवलं, तेव्हा प्रत्येकीचा डावा तळहात धरून सपाट करायची आणि म्हणायची, बॉल लपवायचा नाही, दाखवायचा. तुम्ही हॉलला नाव त्या बाईचं देताय. जिंकलेली बाई हवी असेल तर हिशेबखात्याच्या बाईंना विचारा, त्यांच्या नावाचा बोर्ड रंगवा.

आता जे खरं लिहायचंय ते. मी टाळत होते.

त्याच दीड मिनिटात, डावीकडच्या कोपऱ्यात, खुर्च्यांच्या पुढे एक मुलगी उभी आहे. पंच जेव्हा बाह्यांचं सांगतात तेव्हा ती दोन पावलं पुढे येते. हातात काहीतरी गडद रंगाचं धरलंय, आईकडे पुढे केलंय. स्वेटर आहे तो. आई तिच्याकडे बघते, मान हलवते, नाही म्हणते, आणि पंचांकडे वळते. मुलगी हात तसाच पुढे धरून उभी राहते. आई खेळायला लागते तरी तशीच.

ती तू आहेस. तू मला हे कधी सांगितलं नाहीस. लोक हसले एवढंच सांगितलंस.

त्या मुलीचा चेहरा कॅसेटमध्ये किती आहे माहितेय? बोटांवर मोजता येतील एवढे ठिपके. दोन गडद ते डोळे असावेत, खाली एक सावली, ते तोंड. एवढ्यावर सॉफ्टवेअरने काय केलं असेल? तुला हसरी केली. गाल वर, दात दिसतायत, आईचा अभिमान वाटणारी गोड मुलगी. मी ते पुसलं, पुन्हा चालवलं, पुन्हा हसरी. मुलांचे फोटो सहसा हसतानाच काढतात ना, त्याला तेवढंच ठाऊक. भिंग म्हणाला, राहू द्या मॅडम, छान दिसतंय, लोकांना आवडेल. क्षणभर मलाही वाटलं राहू द्यावं. माझ्या बाजूने होतं ना ते. आई लढतेय आणि लेक हसतेय, मला हवी तशीच गोष्ट.

नाही ठेवलं. आईच्या चेहऱ्यावर मशीनचं ऐकायचं नाही आणि तुझ्या चेहऱ्यावर ऐकायचं, हे मला चालत नाही. ती मुलगी मी अंधुकच ठेवलीय. मोठ्या पडद्यावर ती एक धूसर मुलगी दिसेल, हातात गडद काहीतरी. तू हसत होतीस का, ताई? हे सांगू शकणारं जगात एकच माणूस उरलंय. मला सांगायचं नसेल तर नको सांगूस.

फाइल सोबत आहे. एकच आहे. भिंगने केलेली स्वच्छ फाइल मी काढून टाकली, तुझ्याकडे आहे ती तेवढी शेवटची. म्हणजे मागची डागांसकटची धरून आता तुझ्या हातात तीन आहेत, भावोजींची धरली तर चार, आणि बटण तुमच्या माणसाकडे. मी काही दार अडवून बसू शकत नाही. लावायची तर ही लाव, नाहीतर काही लावू नकोस.

येतेय मी शनिवारी. बोलावलं नाहीस तरी.

तुझी बहीण

१६ फेब्रुवारी

ताई,

शनिवारी आपण धड बोललोच नाही. तुला माणसांनी घेरलं होतं, आणि मी शेवटच्या रांगेतून उठून सरळ जिना उतरले. पळाले म्हण. म्हणून पुन्हा पत्र.

तू माइकसमोर आलीस तेव्हा पूर्ण बाह्या, गळ्यापर्यंत बटणं, चेहऱ्यावर क्रीम. मला वाटलं, झालं, आता गव्हाळ बाई येणार. मी खुर्चीच्या कडेवर बसले होते, उभी राहायच्या तयारीत. दिवे गेले आणि पडद्यावर आई आली. हातावर होडी.

पंचांनी बाह्यांचं सांगितलं, कॅसेटमधले लोक हसले, आणि आपल्या हॉलमध्येही दोघेतिघे नकळत हसले आणि एकदम थांबले. मग आईचा तळहात पंचांसमोर, आईचा आवाज. त्यानंतर जी टाळी पडली ती तू ऐकलीसच. माझ्या पुढे बसलेल्या आडव्या बांध्याच्या बाई, आईच्या पहिल्या तुकडीतल्या, त्यांनी स्वतःचा डावा हात मांडीवर सपाट उघडून धरला होता. त्यांना स्वतःलाही ते कळलं नसावं.

मी जिंकले असं मला वाटलं. खोटं कशाला सांगू. दिवे लागेपर्यंत मी मनातल्या मनात तुला, भावोजींना, त्या फोटोग्राफरला सगळ्यांना हरवून बसले होते.

आणि मग तू माइक परत हातात घेतलास. कार्यक्रमपत्रिकेत ते नव्हतं, अध्यक्ष अर्धे उठून पुन्हा बसले. तू म्हणालीस, "त्या कोपऱ्यातली मुलगी मी आहे. कॉम्प्युटरचं म्हणणं होतं की ती हसतेय. ती हसत नव्हती. आईने स्वेटर घालावा असं तिला वाटत होतं. अजूनही वाटतं." एवढं बोलून तू माइक ठेवलास आणि खाली बसलीस.

टाळी नाही, काही नाही. अध्यक्षांनी घाईने आभार मानायला सुरुवात केली.

मला राग आला, ताई. पायरीपायरीवर राग आला. एवढं सगळं दाखवलं, एवढी टाळी मिळवली, आणि हिने त्यावर पाणी ओतलं, आईची लेक होऊन हिला अजूनही तेच वाटतं. मी रस्त्यावर आले, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत पोचले आणि तिथे थांबले. मी सहा वर्षं सगळ्यांना सांगत फिरतेय की आहे ते आहे तसं दाखवा, आणि तू आहे ते आहे तसं बोललीस तर मला चाललं नाही. मला तूही हसरी हवी होतीस. मशीनला हवी होतीस तशीच.

तुझ्या जागी मी असते तर एवढं बोलले असते का, माहीत नाही. आई पंचांशी भांडली तेव्हा तिला माहीत होतं की आपलं बरोबर आहे. तू बोललीस तेव्हा तुला माहीत होतं की हे कुणालाच आवडणार नाही. मला आवडलं नाही. तरी त्या दिवशी त्या हॉलमध्ये तुझ्याइतकं धीट कुणी नव्हतं, हे मी तुला लिहून देते.

आता कालची गोष्ट, ज्यासाठी हे पत्र. क्लबच्या कॅमेरामनने कार्यक्रमाचं सगळं चित्रण माझ्याकडेच आणून टाकलंय, जोडकाम करून सभासदांना वाटायला. त्याच्यासोबत अध्यक्षांचा निरोप, ताईंचं ते शेवटचं बोलणं तेवढं वगळा, प्रसंगाला शोभत नाही. दुपारी भावोजींचाही फोन. ते अध्यक्षांसारखे बोलले नाहीत, काकुळतीला आले. म्हणाले, बोलून गेली त्याचा तिला घरी आल्यापासून त्रास होतोय, तू ते काप, सोपं आहे तुला. मी म्हटलं, तिने सांगितलंय का कापायला? ते म्हणाले, तिला विचारायचीच गरज नाही, मला कळतं.

सोपं आहे, अगदी. तू माइक उचलतेस तिथे एक कात्री, अध्यक्ष आभार मानायला लागतात तिथे दुसरी. मध्ये टाळ्या टाकल्या की सांधासुद्धा दिसणार नाही. कुणाला संशय यायचा नाही की तिथे कुणी काही बोललं होतं.

मी दोघांनाही नाही सांगितलंय. भिंगलाही सांगून ठेवलंय की त्या जागेला हात लावशील तर नोकरी गेली. अध्यक्षांनी काम काढून घेतलं तर घेऊ देत, मूळ चित्रण माझ्याकडे उतरवलेलं आहे. भावोजींना वाटतं मी तुझ्यावर सूड उगवतेय. वाटू दे. तुला त्या वाक्याची लाज वाटत असेल तर तू वाटून घे, तो तुझा प्रश्न. तू फोन करून सांगितलंस तरी मी ऐकणार नाही, रडलीस तरी नाही.

मला ते वाक्य पटत नाही. ते मी कापणार नाही.

तुझी बहीण